प्रयागबाईंचा चौथा वाडगा

रेवा आणि मल्हार,

गेल्या रविवारी तुम्ही फोटो पाठवलात. रेवाच्या हातात काचेची नळी, मल्हारच्या बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल. शाळेने तुम्हाला गावाबाहेरच्या पाणथळीवर नेलं होतं. कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग तक्त्याशी जुळवायचा आणि पाण्याची तब्येत कशी आहे ते लिहायचं. फोटोखाली रेवाने विचारलं होतं, "आजी, तुमच्या परभणीत असं तळं आहे का? त्याची तब्येत कोण बघतं?"

तळं आहे. आपल्या गच्चीवरून दिसतं. आपण फोनवर बोलताना मागे जो पक्षी किंचाळतो आणि ज्याची मल्हार नक्कल करतो, ती त्या तळ्यावरची टिटवी. तब्येत बघणाऱ्या प्रयागबाई मात्र आता नाहीत. या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यानंतर गेल्या महिन्यात इथे एक गोष्ट घडली. ती खरं तर सगळ्यात आधी त्यांना सांगायची. ते आता होणार नाही, आणि नेमका तुम्ही प्रश्न विचारलात. म्हणून हे लिहायला बसले.

मी प्रयागबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चिखल हुंगत होत्या. मी हैदराबादेत शिकलेली, लग्न होऊन परभणीत आलेली आणि कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकतीच रुजू झालेली. स्टाफरूममध्ये शिरले तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर काळ्या चिखलाचा गोळा, आणि एक उंच, सावळी बाई तो गोळा उचलून खरबूज हुंगावं तसा हुंगतेय. मला पाहून त्यांनी तो माझ्या नाकापाशी आणला.

"घ्या, बाई. वास घ्या."

मी रुमाल काढला.

"घ्या की! चावत न्हाई ते. कसला यायलाय?"

"चिखलाचा," मी म्हणाले.

"चिखलाचा म्हंजे कसला? सडक्या अंड्याचा, का भिजल्या मातीचा?"

मी रुमाल बाजूला करून पुन्हा हुंगलं. "भिजल्या मातीचा."

"मग बरं हाय त्याचं. खालपर्यंत हवा जायलीय." गोळा खाली ठेवून, हात धुऊन त्या माझ्याशेजारी बसल्या आणि त्यांनी डबा उघडला. "आता सांगा, नाव काय तुमचं?"

त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. माहेर झरीच्या पुढचं एक लहान गाव. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं आणि शेळ्या. उन्हाळ्यात वडील कळप घेऊन निघत, शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, आणि जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेत ही मुलगी जाऊन बसे. अशा किती शाळा झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यातून त्या एम. एस्सी. झाल्या. कॉलेजात सुती साडी आणि तळ्यावर तीच साडी वर खोचून खाली काळे गमबूट. हातात वेताची काठी आणि काठीच्या टोकाला तारेने बांधलेली चहाची गाळणी. त्या गाळणीने तळ्यातले जीव उचलून बशीत घ्यायचे, बघायचे आणि परत सोडायचे. बाजारातली महागडी जाळी कॉलेजने आणून दिली होती. ती कपाटातच राहिली.

भाषा त्यांनी कधी बदलली नाही. प्राचार्यांच्या बैठकीतही, "सर, तुमचं म्हणणं लय भारी हाय, पण खरं न्हाई," असं शांतपणे सांगत. प्राचार्य आधी लाल होत, मग हसत. रागवायला जागाच नसायची, कारण आवाजात तिखटपणा नसायचा. आईने मुलाला शर्टाचं बटण चुकलंय म्हणून सांगावं, तसं ते वाटायचं.

आता तळ्याबद्दल. आपल्या कॉलनीच्या मागे, पिंगळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला जो पसरट खोलगा आहे, ते खापरतळं. पूर्वी कुंभार तिथली माती नेत, त्यावरून नाव पडलं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरतं. हिवाळ्यात शेकाटे पक्षी लाल पाय टाकीत उथळ पाण्यात फिरतात, काठच्या पाणकणसाच्या उंच गवतात पाणकोंबड्या लपतात. होळीनंतर पाणी आटू लागतं आणि वैशाखात सगळा तळ उघडा पडतो. भेगाळलेली माती, वाळकं गवत, एखादी चप्पल. एका बाजूने कॉलनीचा नाला त्यात येतो. दुसऱ्या बाजूला जुनी बाभूळ आहे. तिथे प्रयागबाईंचे धाकटे भाऊ मारोती दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन उतरत. वाळत्या तळातलं गवत चारायला तेवढं एकच मोकळं रान त्यांच्या वाटेवर उरलं होतं. बाकी सगळीकडे तारेची कुंपणं झाली होती.

प्रयागबाई विद्यार्थ्यांना तिथे न्यायच्या. पोहोचल्यावर पहिला हुकूम, "बसा." पोरं वह्या काढू लागली की म्हणायच्या, "वह्या नगा. आधी गुमान बसा. तळ्याला तुमची सवय होऊ द्या." पोरं चुळबुळ करत बसत. हळूहळू बेडूक पुन्हा ओरडू लागत, पाणकोंबडी कणसांतून डोकं बाहेर काढी. मग त्या बोलायला सुरुवात करत. "हे तळं पावसाळ्यात पाणी पितंय. हिवाळ्यात आपल्या बोअरला हळूहळू पाजतंय. नाल्याची घाण कणसांच्या मुळांत धरून ठेवतंय. आणि उन्हाळ्यात झोपतंय. तुमच्यात येवढं काम करून शिस्तीत झोपणारा कोण हाय?" मागून कोणीतरी हात वर करी, की त्या म्हणत, "तू झोपणारा हाईस, कामाचं बोल!"

आम्ही दोघी निवृत्त झालो. काही वर्षांनी कॉलनीत सुशोभीकरणाची समिती उभी राहिली. अध्यक्ष शेजारचे वकीलसाहेब. तुम्हाला ते आठवतील, दिवाळीत तुम्हाला फुलबाज्या देणारे, पांढऱ्या मिशांचे. माणूस चांगला. सकाळी फिरायला सपाट जागा हवी, नातवंडांना खेळायला स्वच्छ काठ हवा, एवढीच त्यांची इच्छा. बेत असा की तळातला गाळ सगळा उपसायचा, पाणकणीस काढायचं, काठ दगडाने बांधायचा, भोवती भिंत, मध्ये कारंजं आणि बारमाही पाणी राहावं म्हणून खाली सिमेंट. बेताला एक शास्त्रीय अहवाल जोडावा लागणार होता, आणि तो लिहायला प्रयागबाईंसारखी तज्ज्ञ हाताशीच होती. वकीलसाहेब आमच्या व्हरांड्यात आले तेव्हा प्रयागबाई माझ्याकडेच चहा पीत बसल्या होत्या. वैशाख होता. गच्चीवरून तळाच्या भेगा दिसत होत्या.

"बाई, फार काही लिहू नका," वकीलसाहेब म्हणाले. "दिसतंच आहे सगळं. तब्येत कसली बघायची? पेशंट गेलाय."

प्रयागबाईंनी बशीतला चहा संपवला. "वकीलसाहेब, झोपलेल्या माणसाला तिरडीवर बांधू नगा."

"म्हणजे हे झोपलंय?"

"झोपलंय का मेलंय, ते असं गच्चीवरून कळत न्हाई. अहवाल देते मी. पण जे दिसंल तेच लिहीन. तुमच्या मनासारखं निघालं तर तुमच्या मनासारखं लिहीन."

वकीलसाहेब खुशीत परत गेले. त्यांना खात्री होती.

तिकडे मारोतींनाही खात्री होती. भिंत झाली तर मेंढरांचं रान गेलं, हे त्यांना माहीत होतं. पण ते कॉलनीच्या पानटपरीवर उभे राहून सगळ्यांना सांगायचे, "आमची अक्का लिहायलीय कागूद. कोन भिंत घालतंय ते बघतोच!"

प्रयागबाईंची पद्धत मी तुम्हाला सांगते, कारण तुमच्या कागदी पट्टीपेक्षा ती वेगळी आहे. सुक्या तळाच्या मातीत पाण्यातल्या बारीक जिवांची अंडी वर्षानुवर्षं पडून राहतात. धुळीच्या कणाएवढी. पाणी मिळालं की ती फुटतात. तेव्हा तळ जिवंत आहे का हे बघायचं, तर सुकी माती आणायची, भांड्यात घालायची, वर पाणी ओतायचं आणि वाट बघायची. पाणी विहिरीचं हवं. नळाच्या पाण्यात औषध असतं. आणि भांडं पांढरं हवं, म्हणजे आतली हालचाल दिसते.

"बाई, तुमचे ते पाहुण्यांचे पांढरे वाडगे द्या."

माझ्या लग्नातल्या डिनर सेटमधले चिनी मातीचे चार मोठे वाडगे होते ते. खीर सोडून दुसरं काही मी त्यांत कधी वाढलं नव्हतं. मी जरा अडखळले.

"धुऊन देते की! चिखल हाय तो, काय इख न्हाई."

दिले. प्रयागबाईंनी तळाच्या चार बाजूंची माती आणली. मी प्रत्येक वाडग्यावर चिठ्ठी चिकटवली. रस्ता, कणीस, नाला, बाभूळ. व्हरांड्यात सावलीला चारही वाडगे ओळीने मांडले, वर मच्छरदाणीचं कापड बांधलं. तुमचे आजोबा रोज सकाळी पेपर वाचायच्या आधी वाकून बघायचे आणि "अजून निवांत आहे," असं जाहीर करायचे.

काही दिवसांनी एका सकाळी त्यांनी पेपर खाली टाकला. कणसाच्या वाडग्यात पाणी थरथरत होतं. भिंग घेऊन पाहिलं तर पांढरे ठिपके उड्या मारत चाललेले. पाण्यातल्या पिसवा. मग रस्त्याच्या वाडग्यातही हलू लागलं, आणि तिथे दिवसागणिक वाढत गेले काचेसारखे झिंगे, उताणे पोहणारे, अंगातून पलीकडचं दिसणारे. प्रयागबाई जमिनीवर पालथ्या पडून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आले की रे माझे पाहुणे!" नाल्याच्या वाडग्यात काही निघणार नाही असं मला वाटलं होतं. तिथे लाल बारीक अळ्या निघाल्या, दाटीवाटीने. "हे आजारी हाय," त्या म्हणाल्या, "पण जित्तं हाय. घाण कमी केली तर सुधरंल."

बाभळीच्या वाडग्यात काहीच नव्हतं.

पहिल्यांदा त्या माझ्यावर घसरल्या. "तुमी साबणानं घासला असंल हा!"

"चारही एकाच साबणाने घासले होते."

"मग माझंच चुकलं असंल." त्या पुन्हा गेल्या, बाभळीखालची नवी माती आणली, नव्याने पाणी घातलं. वाट पाहिली. पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं, आणि त्यात काही म्हणजे काही हललं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बाभळीपाशी गेलो. प्रयागबाई काठीने माती उकरत होत्या. आधी एक बाटली निघाली, मग दुसरी. मेंढरांच्या अंगावरचे गोचीड मारायच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. मेंढरांची लोकर कातरण्याआधी, फाल्गुनात, पाणी ओसरताना मारोती इथेच त्यांना धूत. पूर्वी नुसतं धुणं होतं. आता ते कोपऱ्याला मातीचा बांध घालून पाणी अडवत, त्यात औषध ओतत आणि एकेक मेंढरू बुडवून काढत. काम झालं की बांध फोडून देत. गोचीड मरत. आणि गोचिडाचे दूरचे भाऊबंद असलेले पाण्यातले बारीक जीवही मरत, पिढ्यांच्या अंड्यांसकट.

प्रयागबाई बाटली हातात धरून बसून राहिल्या. तळ्याची सवय होऊ द्यायला त्या जशा बसायच्या, तशाच त्या बसल्या होत्या. पण या वेळी बघत होत्या त्या बाटलीकडे.

दुसऱ्या दिवशी त्या भावाकडे निघाल्या आणि मला म्हणाल्या, "चला माझ्यासंगं." मारोतींचा मुक्काम तेव्हा तळ्यापलीकडच्या एका शेतात होता. त्यांनी आम्हाला घोंगडी टाकून बसवलं आणि शेळीच्या दुधाचा चहा केला. प्रयागबाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

मारोती हसले. "बाटलीभर औषदानं तळं मरतंय व्हय, अक्का?"

"तळं न्हाई. कोपरा. तुझा कोपरा."

"मग काय करू? गोचिडांनी मेंढरं बेजार व्हायलेत. औषद टाकू नगो का?"

"टाक की. पण तळ्यात नगो."

"मग कुठं टाकू? आभाळात?" मग त्यांच्या लक्षात आलं, आणि आवाज खाली आला. "अक्का, हे तू कागदात लिहिणार हाईस?"

"व्हय."

"आगं, ते वकील बसलेच हाईत टपून! म्हणतील, मेंढराईनंच तळं नासलं, घाला भिंत. तीन वाडगे दाखव. तीन लय झाले. चौथा घरीच ऱ्हाऊ दे." ते माझ्याकडे वळले. "तुमी तरी सांगा, बाई. तुमचीच भांडी हाईत ना?"

मी कपातल्या चहाकडे बघितलं. प्रयागबाई उठल्या, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाल्या. बांधावर आल्यावर म्हणाल्या, "एक लपवला आणि उद्या ते निघालं, तर बाकीचे तीन बी गेले. मग तळंच गेलं. हे त्याला कसं सांगू? त्याला वाटायलंय मी त्याचं रान काढून घ्यायलेय."

अहवाल इंग्रजीत हवा होता, म्हणून त्या सांगत आणि मी लिहीत असे. तळं कोणती कामं करतं, कोणती नीट करतं, कोणती करायचं थांबलंय. तळ्याला कशामुळे त्रास आहे, या भागापाशी आम्ही आलो. मी लिहिलं, जनावरं धुण्यामुळे. त्यांनी वाचून घेतलं.

"जनावरं न्हाई. मेंढरं लिहा."

"जनावरांत मेंढरं येतातच की."

"म्हशी बी येतात. म्हशींनी काय केलंय? खामखा त्यांचं नाव बदनाम." कागद परत माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मेंढरं लिहा. औषधाचं लिहा. आणि कुणाची मेंढरं ते बी लिहा."

मी पेन खाली ठेवलं. "प्रयागबाई, नावाची गरज नाही. शास्त्रीय अहवालात नाव घालत नाहीत."

"मग कंसात न्हाईतर तळाशी लिहा. अहवाल देणारीचा भाऊ. माझ्या नावाखाली ते असू द्या. उद्या कुणी म्हणायला नगो, बाईनं घरचं झाकलं."

मी तसं लिहिलं.

बैठक कॉलनीच्या सभागृहात झाली. मारोती सगळ्यात पुढे, धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पटका. मी रिक्षातून वाडगे आणले. टेबलावर एक ठेवला, दुसरा, तिसरा. मारोती मोजत होते. प्रयागबाईंनी चौथा ठेवला तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

लोक वाकून वाकून बघत होते. बायकांनी झिंगे पाहून पोरांना उचलून दाखवले. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "हे सगळं त्या वाळलेल्या तळातून?"

"तुमच्या पेशंटनं डोळे उघडले," प्रयागबाई म्हणाल्या. मग त्यांनी चौथ्या वाडग्याविषयी सांगितलं, जसं मला लिहायला सांगितलं होतं तसंच, मेंढरं, औषध आणि मेंढरं कोणाची तेही. सभागृहात कुजबुज झाली. मारोती उठले आणि चप्पल पायात नीट न घालताच बाहेर गेले.

वकीलसाहेब लगेच म्हणाले, "मग हेच तर मी म्हणतोय. भिंत घाला, मेंढरं बंद करा."

"औषध बंद करा, मेंढरं नगा बंद करू," त्या म्हणाल्या. "त्याईच्या लेंड्यांनी तळ पोसतोय. त्याईनं गवत खाल्लं न्हाई तर ते तिथंच सडंल आणि पुढच्या साली पाणी नासंल. आणि वकीलसाहेब, खाली सिमेंट घातलं तर तुमच्या बोअरला पाणी कुठून यायचं? कारंज्यातून?"

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, आणि वकीलसाहेबही. पण त्या हसण्यापेक्षा चौथ्या वाडग्याने काम केलं, असं मला वाटतं. ज्या बाईने भर सभेत सख्ख्या भावाचं नाव घेतलं, ती बोअरबद्दल खोटं सांगेल असं कोणाला वाटेना. सिमेंट आणि भिंत रद्द झाली. रस्त्याच्या बाजूला तेवढा दगडी काठ आणि फिरायची वाट झाली. वकीलसाहेब अजून रोज तिथे फिरतात. नाल्यावर जाळी बसली. बाकी तळं जसं होतं तसं राहिलं.

त्या वर्षी भाऊबीजेला मी प्रयागबाईंकडे गेले होते. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, तबकात निरांजन. दरवर्षी मारोती सकाळीच यायचे. दुपार झाली, निरांजनातलं तूप गोठलं. मी म्हणाले, "आता आत ठेवा ते."

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी पाटाजवळची रांगोळी बोटाने नीट केली. "त्याला राग आलाय. राग आलाय म्हंजे ऐकलंय त्यानं. ऐकलं नसतं तर हसत आला असता."

संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यांनी तबक उचललं. चेहरा नेहमीसारखाच होता. पण स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मेंढरं आली, पण तळ्यात धुतली गेली नाहीत. कोणी विचारलं नाही आणि मारोतींनी सांगितलं नाही. त्यानंतरच्या भाऊबीजेला ते दारात उभे. बरोबर काही आणलेलं नाही, तोंड फुगलेलं. पाटावर बसले, ओवाळून घेतलं, आणि करंजी खाता खाता भिंतीकडे बघत म्हणाले, "वरल्या रानात हौद बांधलाय. औषदाचं पानी खड्ड्यात सोडायलोय. तुला बघायचा आसंल तर ये."

"येते की," प्रयागबाई म्हणाल्या. "आनखी एक करंजी घे."



दर वैशाखात त्या बाभळीखालची मूठभर माती आणत आणि चौथ्या वाडग्यात घालत. तो वाडगा मी त्यांना देऊन टाकला होता. खिरीला आता तीनच पुरत. दरवर्षी पाणी स्वच्छ राही. मी एकदा म्हटलं, "किती वर्षं बघायचं असं?"

"औषध मातीला धरून बसतंय, बाई. सुटायला वेळ लागतोय. आन् पावसाळ्यात बाकीच्या तळ्यातली अंडी हिकडं व्हावत यायलेत. दोघाईत कोन जितंल ते बघायचंय." पाणी झाडाला ओतून त्या वाडगा पालथा घालत. "झोपलंय का मेलंय, ते एकदम कळत न्हाई."

गेल्या पावसाळ्यापासून त्यांचं हृदय थकत चाललं होतं. दवाखान्यात डॉक्टर नाडी बघायला लागले की म्हणायच्या, "आधी बसा तर खरं. माझी सवय होऊ द्या." शेवटच्या भेटीत, मागे उशा लावून बसल्या होत्या, त्यांनी मला विचारलं, "वाडगा भरला का?"

"आत्ता थंडी आहे. तळ्यात पाणी आहे अजून."

"व्हय की." त्यांनी डोळे मिटले. "मग उन्हाळ्यात. विहिरीचं पाणी घ्या, बाई. नळाचं नगा."

दोन दिवसांनी त्या गेल्या. मारोतींनी तो वाडगा माझ्या हातात आणून दिला.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. तळ उघडा पडला तशी मी मारोतींना निरोप पाठवला. ते स्वतःच पटक्याच्या टोकात बाभळीखालची माती बांधून घेऊन आले. मी विहिरीचं पाणी मागवलं होतं. त्यांनीच ओतलं, हळू, धार कडेने सोडून. वर कापड बांधलं. मग ते एक दिवसाआड येऊ लागले. पायरीवर बसायचे, वाडग्याकडे बघायचे, चहा घ्यायचे, जायचे. आजोबांची ती पेपरच्या आधी बघायची सवय आता मला लागली आहे.

त्या सकाळी मी कापड काढलं तेव्हा मारोती पायरीवरच होते. उन्हाची तिरीप पाण्यात उतरली होती. मला आधी वाटलं धुळीचा कण आहे. मग तो कण उडी मारून बाजूला गेला. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"येवढुसं?" ते म्हणाले. "येवढुशासाठी अक्कानं माजं नाव घेतलं व्हय?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी भिंग खाली ठेवलं, पटक्याच्या टोकाने डोळे पुसले, आणि पुन्हा भिंग उचललं. "हितं आनखी एक हाय, बाई. हे बघा. हितं."

रेवा, तू विचारलंस तळ्याची तब्येत कोण बघतं. सध्या मी आणि मारोती बघतो. खापरतळं आहे, पाणकणीस आहे, टिटवी आहे, मेंढरं येतात. आणि बाभळीच्या कोपऱ्यातल्या मातीत जीव आहे. थोडा आहे, पण आहे.